मेक्सिकन छापचित्रांतला शेतमजूर: माणूस की नुसती मूठ?

रूळशाई: ‘मेक्सिकन छापचित्रांत शेतमजूर नाहीच, फक्त आवळलेली मूठ’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मेंदेस, ओ’हिगिन्स, आरेनाल यांनी १९३७ साली ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ (लोकांसाठीच्या छापचित्रांची कार्यशाळा) काढलं, तेव्हा पत्रकं आणि भिंतीवरची पोस्टरं हेही रोजचं काम होतं. स्वस्त कागदावर शाई जरा जास्त लागली की बारीक फटी बुजतात. रेषा जाड का, याचं उत्तर आधी शाई लावायच्या रुळात शोधा, मग विचारसरणीत.

दगडखडू: तंत्राची ढाल नको. याच तायेरमधल्या एलिझाबेथ कॅटलेटची ‘शेअरक्रॉपर’ (वाट्याने शेती करणारी बाई, १९५२) लिनोकटच, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्रच ना? टोपीच्या काड्या न् काड्या मोजता येतात. बटणाच्या जागी लावलेली सेफ्टी पिनसुद्धा दिसते.

रूळशाई: ती चांगल्या कागदावरची, सावकाश छापलेली. शिवाय चित्रातली बाई अमेरिकेतली, फक्त कोरली मेक्सिकोत.

उलटा ठसा: तुमचं चालू द्या. मला राग डावखुऱ्या मजुरांचा आहे. ठशात डावं-उजवं उलटतं. रेखाटन उलटं करून लिनोवर उतरवलं नाही, तर उजव्या हातातला कोयता डाव्यात जातो. ज्यांना श्रम कळतात म्हणे, त्यांना एवढं कळू नये?

दगडखडू: दगडावर खडूने काढून छापलं (शिळाछाप), तरीही उलटतं, लिनोलाच दोष कशाला?

रूळशाई: रचना डावीकडून उजवीकडे वाहावी म्हणूनही हात बदलतात.

उलटा ठसा: सोयीचं उत्तर! पोस्टरवरची अक्षरं बरी सरळ येतात.

रूळशाई: मजकूर छपाईचे खिळे (सुट्या अक्षरांचे ठसे) जुळवून वेगळाही छापता येतो, महाराज. आणि अक्षर उलटं आलं तर ठसा फुकट जातो, हात उलटा आला तर कुणी पैसे परत मागत नाही. खरी चूक कोरणीत होते. रेषेच्या कडा बाहेर उतरत्या हव्यात. आतून पोखरल्या, तर दाबाखाली रेषा तुटते. गार लिनो कडक होतं, कोरणी घसरते. आधी उन्हात ठेवायचं.

दगडखडू: लिनोचा वर्ग संपला? मेक्सिकोतल्या युकातानमध्ये घायपातीची काटेरी पानं बुंध्याकडून एकेक कापायची, कडांचे काटे काढायचे, मग जुड्या बांधायच्या. मूठ आवळायला हात रिकामा असतो कधी? चित्रकार आल्फ्रेदो साल्सेही याच तायेरचा. १९४५च्या युकातान-मालिकेत त्याने दगडावर करड्या छटा आणल्याच. म्हणजे मूठ ही निवड होती.

रूळशाई: बरं, निवड. पण भिंतीवर दहा पावलांवरून करडं दिसत नाही.

उलटा ठसा: डावखुऱ्यांचं उत्तर राहिलंच.