सेकंड पीयूसी (बारावी) आर्ट्स, हिस्ट्रीचा मध्ययुगीन आणि आधुनिक भाग डोक्यात राहीना, काय करू?

खानापूरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी मिडियम, आता पीयूला इंग्लिश मिडियम आर्ट्स घेतलंय. आमचे लेक्चरर समजावून सांगतात कन्नडात, पेपर लिहायचा इंग्लिशमध्ये आणि माझं डोकं चालतं मराठीत, त्यामुळं एकच गोष्ट तीनदा पाठ केल्यासारखं होतंय. प्राचीन भाग कसाबसा झाला. पण बहामनी, विजयनगर, आदिलशाही, मुघल, मराठे आणि मग ब्रिटिश आले की सगळी खिचडीच होते, कोण कुणाच्या आधी तेच कळत नाही. परवाच्या टेस्टला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या प्रश्नात डलहौसीनं दत्तक नामंजूर केला म्हणून लिहिलं तर सगळे मार्क गेले. पण वारसाचंच कारण होतं की तिथं? कुणी सांगाल का कसा अभ्यास करायचा, गाईड घ्यावं का?

निप्पाणी_बॉय
गाईड घे आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडव, विषय संपला. मी तसंच केलं, पास झालो. जास्त डोकं लावू नको.

वडगावकर_ताई
पास व्हायचं असेल तर निप्पाणीवाल्याचं बरोबर आहे, पण ही पोरगी का चुकली ते गाईड नाही सांगणार. मी हिस्ट्रीत एमए केलंय आणि चार वर्षं घरात शिकवण्या घेते, दरवर्षी निम्मी पोरं कित्तूरला डलहौसीच लिहितात बघ. कित्तूर 1824 चं. राणीनं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलेलं ईस्ट इंडिया कंपनीनं मानलं नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत मेला. तेव्हा गव्हर्नर जनरल होता अ‍ॅमहर्स्ट. डलहौसी 1812 चा जन्म, म्हणजे त्यावेळी बारा वर्षांचं पोरगं! तो इथं आला 1848 ला, मग सातारा गेलं, 1854 ला नागपूर. म्हणजे दत्तक नाकारायची खोड कंपनीला आधीपासूनच होती, डलहौसीनं ती सरसकट चालवली. एवढं एक वाक्य उत्तरात घातलंस तर तपासणारे खूश होतात.

दुसरं म्हणजे शब्द. वहीत तीन रकाने पाड. मराठीत आपण तैनाती फौज म्हणतो, कन्नडात सहायक सैन्य पद्धती, पेपरात सबसिडिअरी अलायन्स. दत्तक वारस नामंजूर म्हणजे कन्नडात दत्तु मक्कळिगे हक्किल्ल आणि इंग्लिशमध्ये डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स. असे तीसेक शब्द झाले की कन्नडातलं लेक्चर आपोआप डोक्यात जायला लागतं, माझं तसंच झालं.

येळ्ळूरकर74
ताई बरोबर. मी एक अजून सांगतो, राजघराणं घेऊन एकेक पाठ करूच नको, त्यानंच खिचडी होते. वर्ष घे आणि त्या वर्षी कोण कुठं होता ते आडवं लिही. आमच्या काकांनी मला असं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दिलं होतं, ते अजून भिंतीवर आहे. आता बघ, कृष्णदेवराय 1509 ते 1529. त्याच्याच काळात 1510 ला पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि 1526 ला बाबर पानिपतला जिंकला. तीन धडे, पण माणसं एकाच वेळची. आणि गोवा कशाला पाहिजे होता सगळ्यांना, तर घोड्यांसाठी. अरबी घोडे समुद्रातून उतरायचे, ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात घोडदळ. चोर्ला घाटावरून गोव्याला जाताना हे आठवलं की विसरणं अवघड. तसंच 1565 ला विजयनगरचा रामराय पडला तेव्हा दिल्लीत अकबराला गादीवर बसून नऊ वर्षं झाली होती.

अजून एक, मराठीत शाळेत आपण आदिलशाही म्हणजे अफजलखान एवढंच शिकतो. इथल्या पोर्शनला दुसरा इब्राहिम नीट वाच, 1580 ते 1627, संगीतवेडा माणूस, किताब-ए-नवरस त्याचंच. गोल घुमट त्याचा नाही हां, तो मुहम्मद आदिलशहाचा. हे पण पोरं चुकतात.

निप्पाणी_बॉय
एवढं सगळं लिहायला तीन तास पुरतात काय 😅

वडगावकर_ताई
लिहायला नाही रे, डोक्यात बसायला सांगतोय तो. आणि पोरी, तू खानापूरची ना, मग नंदगड तुझ्या तालुक्यातच की. संगोळी रायण्णाला तिथंच फाशी दिली, 26 जानेवारी 1831. ही तारीख पाठ करायची गरजच नाही. शहरात आलीस तर बेळगावचा किल्ला बघ, तो बहामनींकडे आणला त्यांच्या वजिरानं, महमूद गावाननं, आणि त्याला त्याच्याच सुलतानानं 1481 ला मारलं, तिथून बहामनी फुटायला लागली. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, 1924 च्या अधिवेशनाची. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, एक मार्काला हमखास. नरगुंदच्या बाबासाहेबांना 1858 ला बेळगावातच फाशी दिली, हे सत्तावन्नच्या उत्तरात घाल. कर्नाटक एकीकरणाच्या धड्यावर घरात वाद होतात ते मला माहीत आहेत, आमच्याकडं पण होतात, पेपरात पोर्शनमधलं लिही आणि बाकीचं जेवताना बोल.

खानापूरची_पोरगी
ताई, दादा, खूप थँक्स. नंदगडवरून आमची बस रोज जाते आणि मला हे लक्षातच आलं नव्हतं. आज कॅलेंडर उलटं करून 1336 च्या विजयनगरपासून सुरू केलं, 1347 ला बहामनी, आत्ता 1565 पर्यंत आले. एकच विचारायचं राहिलं, 1565 च्या त्या लढाईला लेक्चरर रक्कसतंगडगी म्हणतात, आमचे आजोबा राक्षसतागडी आणि पुस्तकात तालिकोट. पेपरात कुठलं लिहू?

येळ्ळूरकर74
तालिकोट लिही आणि कंसात रक्कसतंगडगी. आजोबांचं आजोबांना राहू दे 😄