जुनी एस्प्रेसो मशीन: पंप वाजतो पण कॉफी थेंबथेंबच, लातूरकडं कोणी दुरुस्त करतं का?

लातूरची_सुमा
नमस्कार मंडळी. माझ्या ताईनं २०११ ला इटलीहून येताना एक एस्प्रेसो मशीन आणली होती, सिंगल बॉयलर, स्टीलची बॉडी, ५८ एमएमचं जड हँडल. ताई परत तिकडंच गेली, मशीन आमच्याकडं राहिली आणि बाबांना दुपारी चारला तिचीच कॉफी लागते, फिल्टर कॉफी करून दिली तर पितात पण अर्धा कप तसाच ठेवतात.

महिना झाला असं व्हायलंय की बटन दाबलं की पंप जोरात घरघरतो पण कॉफी नुसती टपकते, एक कप भरायला दीड मिनिट, आणि चव कडू जळकी. हँडलच्या कडेनं पण पाणी गळतं. त्यात मागच्या आठवड्यात दोनदा घरातली आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइट तोडणारा स्विच) पडली. एका सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवले तर त्यांनी मशीन न बघताच सांगून टाकलं की पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या. मला नाही पटलं. लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठंही कोणी करत असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन जाईन. पाणी बोअरचंच वापरतो आम्ही.

मोटारवाला_नांदेड
ताई, टाकू नका. मी पाणबुडी मोटारी भरायचं काम करतो, या मशीनी माझ्याकडं फार येत नाहीत पण दोन-तीन उघडल्यात, आत काही अवघड नाही. पाण्याची टाकी, एक छोटा पंप, बॉयलर, दोन थर्मोस्टॅट आणि एक सोलेनॉइड वॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा), बस. पंप बहुतेक वेळा इटलीच्या उल्का कंपनीचा असतो, ४८ वॉटचा, तो ऑनलाइन मिळतो. पण तुमचा पंप गेलाय असं मला वाटत नाही.

आधी एक करा. मशीन गरम झाली की वाफेच्या नळीखाली ग्लास धरा, नॉब उघडा आणि कॉफीचं बटन दाबा. नळीतून पाण्याची जोरदार धार आली तर पंप चांगला आहे, अडथळा पुढं ग्रुपमधी (हँडल बसतं तो भाग) नाहीतर सोलेनॉइडमधी आहे. नळीतूनही रडत रडत पाणी आलं तर पंप, टाकीची जाळी नाहीतर बॉयलरच चोंदलाय. पैसे न घालवता निम्मं कळतं यात. आणि सलग मिनिटभराच्या वर पंप दाबून धरू नका, तापतो तो.

परभणी_कट्टा
आमच्या गिझरला असंच व्हायचं, सारखी ट्रिप. वायरमननं प्लगची अर्थिंगची पिन काढून दिली तेव्हापासून एकदाही पडली नाही बघा. तसं करून बघा.

मोटारवाला_नांदेड
दादा, राग मानू नका पण हे कुणालाच सांगू नका आणि तुमच्या गिझरची पिन आजच परत बसवून घ्या. आरसीसीबी पडते म्हणजे करंट कुठंतरी बॉडीत उतरतोय. घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडते ती माणूस वाचावा म्हणून. पिन काढली की ते लीकेज तसंच राहतं, फक्त आता ते स्टीलच्या बॉडीवर बसून कोणी हात लावायची वाट बघतं, आणि इथं हात लावणार कोण तर सुमाताईंचे बाबा, ओल्या हातानं. मी असा एक माणूस गमावलाय ओळखीतला, म्हणून एवढं लिहायलो.

ताई, तुमच्या केसमधी मला वाटतं हँडलच्या कडेनं गळणारं पाणी आत वायरिंगवर पडत असावं. तरी पाणी तापवणारी कॉइल तपासून घ्याच. प्लग काढून, मशीन पूर्ण गार करून, कॉइलच्या दोन टोकांत मल्टीमीटर लावा, १३०० वॉटची असेल तर ४० ओहमच्या आसपास दाखवायला पाहिजे. मग मेगर (करंट बॉडीत उतरतो का ते तपासायचं मीटर) घेऊन कॉइल आणि बॉयलरची बॉडी यांच्यात बघायचं, कोणत्याही मोटार रिवायंडिंगवाल्याकडं मेगर असतो, पाच मिनिटांचं काम. तिथं लीकेज निघालं तर कॉइल बदलल्याशिवाय लावायची नाही.

परभणी_कट्टा
बरोबर आहे तुमचं, हे मला माहीतच नव्हतं. आजच बोलावतो वायरमनला.

पैठणगेटची_कॉफी
सुमाताई, खरा चोर तुमचं बोअरचं पाणी आहे. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, तापलं की त्याचा पांढरा क्षार धरतो. चहाच्या पातेल्याला जो थर बसतो तोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं आहे, पण ते माणसाच्या पोटासाठी, बॉयलरसाठी ६०० म्हणजे फाशीच. आणि टीडीएस मीटरवर भरोसा ठेवू नका, तो मीठ पण मोजतो आणि क्षार पण, कठीणपणा वेगळा तपासावा लागतो.

किराणा दुकानातून लिंबूफूल आणा, लिटरभर पाण्यात २० ग्रॅम. थोडं बॉयलरमधी ओढून घ्या, मशीन बंद करून १५ मिनिटं थांबा, थोडं वाफेच्या नळीतून थोडं ग्रुपमधून सोडा, असं टाकी संपेस्तोवर. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर रात्रभर ठेवायची चूक अजिबात करू नका, अॅसिड धातूच खातं. नंतर दोन-तीन टाक्या साध्या पाण्यानं धुवा. पण हे ट्रिपिंगचं निस्तरल्यावरच.

गळतीला ग्रुपचं रबर. इतक्या वर्षांत ते बांगडीसारखं कडक झालं असणार. जुनं काढून व्हर्नियरनं आतलं बाहेरचं माप आणि जाडी घ्या, फूड ग्रेड सिलिकॉनचंच घ्या. नुसतं आरओचं पाणीही भरू नका पुढं, चव पांचट होते, मी आरओत थोडं नळाचं मिसळतो.

लातूरची_सुमा
अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. नळीतून धार जोरात आली! म्हणजे पंप ठणठणीत. गंजगोलाईजवळ एक काका मोटारी भरतात त्यांच्याकडं नेली, मेगरवर कॉइल चांगली निघाली, पण झाकण उघडलं तर ग्रुपच्या वरच्या जोडणीवर पाणी सुकून पांढरे ओघळ, हिरवट पडलेली पिन. काकांनी ती पिन बदलली. मग लिंबूफूल केलं तर धार आणखीच बंद झाली, माझं धाबं दणाणलं. काका म्हणाले सुटलेला क्षार वॉल्व्हमधी अडकला असणार, सोलेनॉइड खोलला तर स्प्रिंगच्या बाजूला नखाएवढी पांढरी पापडी. चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवली त्यांनी, चुनखडीच वाटायली. रबर ऑनलाइन मागवलं, आठ दिवसांत आलं, जुनं काढताना त्याचे तीन तुकडे झाले.

आता १८ ग्रॅम पावडर, २८ सेकंदांत कप भरतो, आरसीसीबी एकदाही पडली नाही. मोटारवाला दादा, पैठणगेट, तुमचे लै उपकार. वाफेचा नॉब अजून थोडा टपकतो, त्याच्या आत पण रबराची रिंग असते का?

मोटारवाला_नांदेड
असते, बारीक ओ-रिंग. आधी नॉब गार असताना खोलून सीटवर क्षार आहे का बघा, पुसून घ्या, त्यानंच बंद होईल बहुतेक. जोरात पिळू नका, पितळेची सीट कापते.