‘सात दिवसांत गरमी मुळासकट’ म्हणणाऱ्यांना

तापीकाठ
परवा एका सज्जनांनी इथे लेख टाकला. सार असं: गरमी, म्हणजे सिफिलिस, आपल्याकडे १८१८ नंतर गोऱ्या सोजिरांनी, म्हणजे इंग्रज शिपायांनी आणली, खान्देशातले जुने वैद्य ती रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं औषध देऊन सात दिवसांत मुळासकट काढत, आणि पेनिसिलिन म्हणजे रोग नुसता दाबून ठेवायचा कंपन्यांचा धंदा. खाली अंगठ्यांची रांग. मी नोकरीभर सरकारी प्रयोगशाळेत व्हीडीआरएलच्या, म्हणजे सिफिलिसच्या रक्ततपासणीच्या काचपट्ट्या हलवल्या, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते सात दिवस. सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपला आपण भरतो. मग अंगावर, तळहातांवर चट्टे उठतात. तेही जातात. त्यानंतर रोग वर्षानुवर्षं चिडीचूप. मधल्या काळात तुम्ही पारा खा, चोपचिनी खा, नाहीतर मारुतीला नारळ फोडा. फोड जाणारच, आणि श्रेय त्या वेळी जो इलाज चालू असेल त्याला मिळणार. ऑस्लोच्या सीझर बोएक नावाच्या डॉक्टरचा पाऱ्यावरचा विश्वास उडाला होता. त्याने १८९१ ते १९१० या काळात जवळपास दोन हजार रुग्णांना पारा दिलाच नाही. पुढे त्यांचा माग काढला तेव्हा दिसलं की साधारण दोन तृतीयांश लोकांना नंतरचा मोठा त्रास झालाच नाही. म्हणजे तीनातल्या दोघांसाठी कुठलाही भोंदू धन्वंतरी ठरतो. तिसऱ्याची महाधमनी फुगते, हाडं सडतात, डोकं फिरतं. तोवर सात दिवसवाल्याने गाव बदललेलं असतं.

आता सोजिर. भावमिश्राने सोळाव्या शतकात भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंगरोग, म्हणजे हीच गरमी, लक्षणांसकट लिहून ठेवला. इंग्रजांनी खान्देश घेतला १८१८ ला. मधली अडीचशे वर्षं रोग काय सुरत बंदरात परवान्याची वाट बघत बसला होता? सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता आपल्याच दारावरून जायचा. मोगलांच्या फौजा, व्यापारी, तांडे, सगळे त्याच रस्त्याने.

आणि पेनिसिलिन. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनींनी चार रुग्णांना देऊन पाहिलं आणि चार शतकांचा पाऱ्याचा खेळ संपला. आज वेळेत सापडलेल्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची मात्रा एकदाच टोचतात. कंपन्यांचा धंदा म्हणता? हे औषध इतकं स्वस्त की कुणाला बनवायला परवडेना. २०१४ ते २०१६ च्या दरम्यान जगातल्या कितीतरी देशांत त्याचा तुटवडा पडला होता.

वैद्य_अमळनेर
लेख माझा नाही, सात दिवसांची जबाबदारीही माझी नाही. पण तुमच्या लिहिण्यात जो तुच्छभाव आहे त्याला उत्तर देणं भाग आहे.

पारा फक्त आम्हीच दिला का? युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी चारशे वर्षं रोग्याला पाऱ्याचं मलम चोळलं, बंद खोलीत पाऱ्याची धुरी दिली, तोंडातून लाळेच्या धारा लागल्या की ‘रोग बाहेर पडतोय’ म्हणून समाधान मानलं. दात गळले, हिरड्या सडल्या. आमच्या रसशास्त्रात निदान पारा शुद्ध करायचे, शोधनाचे संस्कार तरी होते. आणि तुमचं पहिलं ‘शास्त्रीय’ औषध कुठलं? १९१० ला बाजारात आलेलं एहर्लिखचं ६०६, साल्व्हरसान. ते काय होतं? सोमल, म्हणजे आर्सेनिक! आम्ही सोमल दिला की विष, जर्मनीतून बाटलीत आला की विज्ञान.

भुसावळ_जंक्शन
वैद्यराज, पॉइंट आहे. पण आधी मला माझं बोलू द्या, कारण हे कुणीच बोलत नाही. नाशिकपासून भुसावळपर्यंत रेल्वेच्या कडेची एक भिंत दाखवा जिच्यावर ‘गुप्तरोग, शीघ्र इलाज, शर्तिया’ लिहिलेलं नाही. माझी पोरगी तिसरीत असताना मोठ्याने वाचायची. डब्यातले सगळे माझ्याकडे बघायचे. एसटी स्टँडच्या मुतारीत तर फोन नंबरसकट. यांच्यावर कुणी का लिहीत नाही? १९५४ चा कायदा आहे जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर, त्याच्या यादीत लैंगिक रोग नावानिशी आहेत. कायदा कागदावर, रंग भिंतीवर.

तापीकाठ
वैद्यराज, एहर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी हाता यांनी एकामागून एक संयुगं जंतू टोचलेल्या सशांवर पारखली, तेव्हा ६०६ वं चाललं. जंतू त्याआधी, १९०५ लाच, शाउडिन आणि हॉफमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. १९०६ ला वासरमनची रक्ततपासणी आली. सोमल होता, मान्य. त्रासही भयंकर होता, शिरेतून वर्षभर सुया घ्याव्या लागायच्या. फरक एवढाच की त्यांना कुणाला मारायचंय ते ठाऊक होतं, आणि जास्त चांगलं मिळाल्याबरोबर त्यांनी ६०६ फेकून दिलं. तुम्ही कधी काय फेकलंत?

आणि भावप्रकाशच उघडा. रसकापूर गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दाताला न लागू देता गिळा, असं तिथे लिहिलंय. का? कारण तोंड येतं हे भावमिश्रालाही दिसत होतं. तो प्रामाणिक होता. तुमचे फॉरवर्डवाले नाहीत.

वैद्य_अमळनेर
वा, म्हणजे आमचाच ग्रंथ आमच्यावर. वाचलात हे पाहून आनंद झाला. बहुतेक लोक न वाचताच शिव्या देतात.

पण प्रामाणिकपणाचंच काढलंत म्हणून विचारतो. अमेरिकेत अलाबामात टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे चारशे काळ्या माणसांचा सिफिलिस सरकारी डॉक्टर नुसते बघत बसले. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. हे कुठल्या शास्त्रात बसतं?

तापीकाठ
कुठल्याच नाही. पण तो गुन्हा पेनिसिलिन *न* देण्याचा होता, हे तुमच्याच वाक्यात आहे.

लळिंग_पायथा
सोजिरांना इतक्या सहज सोडू नका हो. रोग त्यांनी आणला नसेल, पण त्याचं काय केलं ते बघा. १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा. बाजारातल्या बायकांची नोंदणी, जबरीची तपासणी, रोग दिसला की लॉक हॉस्पिटलात डांबायचं. तपासणी कुणाची? बाईची. ती ज्याच्यापासून आणि ज्याला, तो सोजिर मोकळा. १८८८ ला कायदा रद्द झाला, पण रोग म्हणजे बाईचं पाप हे आपल्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

भुसावळ_जंक्शन
ते आपल्या डोक्यात आधीपासून होतं. इंग्रजांनी फक्त रजिस्टर दिलं.

चोपडा_ताई
मी सिस्टर आहे, सातपुड्याच्या पायथ्याला काम केलंय. तुमचे जर्मन आणि भावप्रकाश चालू द्या, मी एक सांगते.

एका पाड्यावरची बाई, आधीची दोन बाळंतपणं मेलेल्या बाळाची. सासू म्हणे करणी. भगताकडे कोंबडे कापून झाले. तिसऱ्यांदा दिवस गेल्यावर नाव नोंदवलं, रक्त गेलं, व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह. बाई कधी गावाबाहेर गेलेली नाही. नवरा दरसाल गुजरातला ऊसतोडीला. आता सांगा, कुणाला काय विचारायचं? बाईला सुई मिळाली. नवरा म्हणाला, दोष तिच्या रक्तात निघालाय, मी कशाला घेऊ. मी सासूला गाठलं. म्हटलं, नातू हवाय ना, मग पोराला आण. आणलं तिने कान धरून. बाळ झालं, रडलं, चांगलं आहे. गरोदर बाईला या रोगात पेनिसिलिनच लागतं, दुसऱ्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाचा भरवसा नाही. त्यामुळे ‘पेनिसिलिन रोग दाबतं’ असं लिहिणाऱ्याला माझ्या समोर आणा.

डॉ_शिरपूर
ताईंचं काम मोठं आहे. तरी एक व्यावहारिक बाब. खासगीत आम्ही बहुतेक जण बेंझाथिन टोचत नाही. रिॲक्शन क्वचित येते, पण आली तर पाच मिनिटांत माणूस जातो. सरकारीत पाठवतो.

कापूसकोंडा
आते बरा सापडनात डॉक्टरसाहेब! तुमनीच वाट देखी ऱ्हायनतू.

माझ्या बहिणीच्या हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खराब झाली. एकवीस दिवसांचं इंजेक्शन लिहून दिलं, वर्षानुवर्षं. तेच हे, बेंझाथिन. शहाद्यात एक डॉक्टर टोचायला तयार होईना. एक म्हणे बाटली तुमची आणा, मग बाटली आणल्यावर म्हणे लिहून द्या मेली तर जबाबदारी आमची. मेडिकलवाला म्हणे माल नाही. माय तिला एसटीने धुळ्याला न्यायची, एका सुईसाठी कपाशी वेचायचा अख्खा दिवस बुडायचा. मग मधले डोस चुकले. पुढचं सांगत नाही. पेनिसिलिनने मेलेली माणसं तुम्ही मोजता. पेनिसिलिन न मिळाल्याने मेलेली कोण मोजतं?

डॉ_शिरपूर
तुमच्या बहिणीचं वाईट वाटलं, मनापासून. पण मला खलनायक करू नका. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात काय झालं आठवतंय? निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. २०१० चा डॉक्टर संरक्षण कायदा तेव्हाही होताच. माझ्या दवाखान्यात मी, एक कंपाउंडर आणि झाडूवाली मावशी. सुई दिल्यावर पेशंट कोसळला तर ॲड्रेनलिन मी देईन, पण दारात जमलेल्या पन्नास जणांना काय टोचू?

चोपडा_ताई
डॉक्टर, आम्हीही टोचतोच ना? विचारपूस करायची, आधी चाचणीपुरतं टोचून बघायचं, ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवायचं, अर्धा तास बसवून ठेवायचं. आमच्याही दारात माणसं जमतात. आमच्याकडे तर मावशीही नसते.

डॉ_शिरपूर
तुमच्यामागे सरकार आहे.

चोपडा_ताई
सरकार मागे असतं म्हणूनच दिसत नाही. कधी पुढे आलेलं पाहिलं का?

भुसावळ_जंक्शन
ताईंना शंभर पैकी शंभर.

आता व्हीडीआरएलवाल्यांनाही जरा. माझ्या मित्राने रक्तदान केलं. पेढीतून फोन, ‘भेटून जा’. गेला तर म्हणे सिफिलिस रिॲक्टिव्ह. चिठ्ठी खिशात, शर्ट धुवायला, बायकोच्या हातात चिठ्ठी. बायको जामनेरला माहेरी. सासरा काठी घेऊन. नंतर टीपीएचए ही पक्की तपासणी केली, निगेटिव्ह! नुकताच मलेरिया होऊन गेला होता त्याला. तापीकाठ साहेब, ही तुमची विज्ञानाची काचपट्टी.

तापीकाठ
काचपट्टी बरोबरच होती. व्हीडीआरएल जंतू दाखवत नाही, चाळणी लावते. मलेरिया, कुष्ठरोग, क्षय, कधी नुसतं गरोदरपणसुद्धा ती रिॲक्टिव्ह करू शकतं. म्हणून दुसरी पक्की तपासणी. ती व्हायच्या आधीच चिठ्ठी हातात देणारा माणूस चुकला. आणि तुमचा मित्र, जो ती शर्टात विसरला.

मलेरियाचं निघालंच आहे तर ऐका. व्हिएन्नाच्या वाग्नर-यॉरेगने १९१७ मध्ये सिफिलिसने वेडे झालेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया टोचला. हिवतापाच्या चढत्या तापाने मेंदूतला रोग हटायचा, मग क्विनाइनने मलेरिया उतरवायचा. काही त्यातच मेले. काही घरी चालत गेले. १९२७ ला त्याला नोबेल मिळालं.

कापूसकोंडा
म्हणजे सातपुड्यात फुकटमा नोबेल इलाज व्हता, आन आम्ही डास मारी ऱ्हायनतूत!

वैद्य_अमळनेर
बघा. मलेरिया टोचला तर नोबेल, आणि आम्ही रसकापूर दिला तर भोंदू. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या त्या काळात प्रत्येकाने हाती होतं ते वापरलं. आज माझ्याकडे असा पेशंट आला तर मी रसकापूर देत नाही, कधी दिला नाही. पण हे तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही थेट फॉरवर्डवाल्यांच्या पंगतीला बसवलंत.

तापीकाठ
हे पहिल्याच उत्तरात लिहिलं असतंत तर एवढी शाई वाचली असती. उठवलं तुम्हाला त्या पंगतीतून.

वैद्य_अमळनेर
उपकार झाले.

लळिंग_पायथा
आणि १८६८ च्या कायद्याचं?

भुसावळ_जंक्शन
त्याचा वेगळा धागा काढा हो, लळिंगभाऊ. यातच भिंतींचं राहून गेलं माझं.

नवीन_सभासद_नंदुरबार
सगळं वाचलं. खरं नाव टाकत नाही. ट्रकवर असतो. दिवाळीआधी जागेवर एक फोड आला होता, दुखत नव्हता. भिंतीवरच्या नंबरवाल्याकडून पुड्या घेतल्या, गेला. आता तळहाताला चट्टे आहेत, खाजत नाहीत. बायकोला चौथा महिना. काय करू?

वैद्य_अमळनेर
पुड्या आजपासून बंद. उद्या सकाळी जिल्हा रुग्णालयात जाऊन आधी रक्त तपासा. माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे नंतर या.

चोपडा_ताई
सुरक्षा क्लिनिक म्हणून खोली विचारायची, फुकट असतं, गावाला कळत नाही. एचआयव्हीचंही रक्त द्या. आणि बायकोला सोबतच न्या भाऊ, तिची सुई तुमच्यापेक्षा महत्त्वाची आहे. चौथा महिना म्हणजे उशीर झालेला नाही, पण उद्याचं परवा करू नका. काय सांगायचं सुचत नसेल तर तिथल्या समुपदेशक ताईंना सांगा, त्या सांगतील. सुई घेतल्यावर पहिल्या रात्री ताप भरून चट्टे लाल होतात कधी कधी. घाबरायचं नाही. पण बायकोला ताप आला, पोटात कळ आली किंवा बाळ कमी हलतंय वाटलं तर लगेच तिथेच परत न्यायचं.

भुसावळ_जंक्शन
वैद्यराजांनी रक्त तपासायला पाठवलं! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

वैद्य_अमळनेर
ठेवा. खाली हेही लिहा की शिरपूरच्या डॉक्टरसाहेबांनी अजूनही ‘मी टोचतो’ म्हटलेलं नाही.