मदत हवी आहे: नवख्यांना मिलिंग मशीन कसं शिकवता?
नमस्कार मंडळी. भोसरीत आम्ही काही जण मिळून वर्कशॉप चालवतो. जुन्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवर (उभ्या फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) आता डिप्लोमाची पोरंही शिकायला येतात. हातमोजे घालायचे नाहीत, कटर पूर्ण थांबल्यावरच ब्रशने चिप्स काढायच्या, हे लगेच पटतं. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिलला, म्हणजे दांड्यासारख्या कटरला, माइल्ड स्टीलवर साधारण ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), हा हिशेबही जमतो. अडतं ते फीडच्या, म्हणजे तुकडा कटरकडे सरकवण्याच्या, दिशेपाशी. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला बॅकलॅश (आट्यांमधला ढिलेपणा) असताना क्लाइंब मिलिंग (कटरचे दात फिरतात त्याच दिशेने तुकडा सरकवणं) केलं की कटर टेबलच ओढून घेतो; एंडमिल तुटते, नाहीतर जॉब (कापायचा तुकडा) वाइसमधून, म्हणजे पकडीतून, उपटतो. नुसतं तोंडी सांगून हे डोक्यात उतरत नाही आणि स्टीलवर करून दाखवायला मन धजत नाही. आधी मेणावर किंवा नायलॉनवर हलके कट घ्यायला लावावेत का? आणि एकट्याने मशीन चालवू देण्याआधी तुम्ही कोणता जॉब करून घेता? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.