डोंबिवली ते दिवेआगर, शनिवारी सकाळी: पेणवरून जावं की पालीवरून?

डोंबिवलीकर_पूर्व

येत्या शनिवारी दोन गाड्या घेऊन दिवेआगरला निघतोय. सोमवारी सुट्टी आहे, म्हणजे अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं रस्त्यावर असणार हे धरूनच चाललोय. सासूबाई सोबत आहेत, त्यांना दोन तासांच्या वर सलग बसवत नाही.

तीन पर्याय डोक्यात आहेत. एक, काटई-तळोजा-कळंबोली करून सरळ पेण, वडखळ, नागोठणे. दुसरा, एक्स्प्रेसवेने खोपोलीपर्यंत आणि तिथून पाली-वाकण. तिसरा ऑफिसातल्या एकाने सुचवलाय: कळंबोलीला जायचंच नाही, बदलापूर-कर्जत-खोपोली आणि मग पाली. मॅपवर तिन्हींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक दिसतो. नेहमी जाणाऱ्यांनी सांगा, कुठून जाऊ?

गिअर_पाचवा

एवढा विचार कशाला? निघताना मॅप लावा, लाल दिसलं की वळा. आजकाल रस्ते पाठ करून कोणी जात नाही.

माणगावचा_एर्टिगावाला

मी माणगावचा. गाडी भाड्याने चालवतो, मुंबई-श्रीवर्धन आणि पुणे-हरिहरेश्वर हाच धंदा. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पेण की पाली हा प्रश्न वाकणपर्यंतचाच आहे. दोन्ही रस्ते वाकणला एकत्र येतात. पुढे कोलाड, इंदापूर, माणगाव हा सगळ्यांचा एकच रस्ता. लोक वाकणपर्यंत वीस मिनिटं वाचवतात आणि इंदापूर ते माणगाव दीड तास घालवतात. तेव्हा आधी ठरवा माणगाव किती वाजता ओलांडायचं, आणि तिथून उलटं मोजत घरून निघायची वेळ काढा. रस्ता त्यानंतर आपोआप ठरतो.

माणगावातच का अडकतं ते सांगतो. मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. इंदापूर आणि माणगावचे बायपास मात्र रखडले ते रखडलेच. त्यामुळे चौपदरी रस्त्यावरून सुसाट आलेली गाडी आमच्या बाजारपेठेत दोन पदरांवर येते. त्यात पुण्याहून ताम्हिणी घाटातून येणारा रस्ता निजामपूरवरून इथेच मिळतो, आणि श्रीवर्धन-म्हसळ्याला मोर्ब्यावरून जाणारा रस्ता इथूनच फुटतो. म्हणजे हरिहरेश्वरला निघालेला पुणेकर एका बाजूने शहरात शिरणार, तुमचा हायवे आडवा कापणार आणि दुसरीकडून बाहेर पडणार. रायगड बघायला आलेले, महाड-चिपळूणचे चाकरमानी, हेही त्यातच.

बाकी राहिलेलं काम आम्हीच करतो. वळणावर मिनिडोअर (सहा आसनी रिक्षा) सीट भरेपर्यंत उभ्या. स्टँडमधून एसटी निघाली की तिला वळायला दोन्ही पदर लागतात. कंडक्टर खाली उतरून हात दाखवतो, इकडचे थांबतात, तिकडचा एक बाइकवाला मधूनच घुसतो, त्याच्यामागे दुसरा. एसटी अर्धी आत अर्धी बाहेर, आणि तेवढ्यात रांग कळमजे पुलाकडे सरकलेली असते. सुट्टीच्या शनिवारी हे दर दहा-पंधरा मिनिटांनी होतं.

आता वेळ. पहाटे सहाला निघालेला पुणेकर नऊ-साडेनऊला माणगावात येतो. साडेपाचला निघालेला मुंबईकरही तेव्हाच. तुम्ही आठच्या आत पलीकडे गेलं पाहिजे. म्हणजे डोंबिवलीहून चारला. सव्वाचारला नाही, चारला, कारण दोन गाड्या म्हटल्यावर एकीत काहीतरी विसरलेलं असतंच.

चारला निघालात तर डोळे मिटून पेण (डोळे मिटून म्हणजे ड्रायव्हरने नव्हे!). त्या वेळी तळोजा-कळंबोली मोकळं, वडखळला अलिबागवाले अजून आलेले नसतात. सासूबाईंसाठी थांबायला हॉटेलंही याच रस्त्यावर. पाली तेव्हा उगाच वळसा.

सहानंतर निघणार असाल तर मात्र पाली. पण एक्स्प्रेसवेने जाऊ नका. सुट्टीच्या सकाळी बोरघाट तुंबला की रांग खालापूर टोलकडे मागे येत राहते, आणि खोपोलीचा एक्झिट टोलच्या पुढे आहे. तुम्हाला घाट चढायचाच नाही, तरी घाट चढणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही उभे. त्यापेक्षा पनवेलजवळच्या पळस्प्यावरून जुना पुणे हायवे धरा: चौक, खालापूर, पाली फाटा. फाट्यावर दहाच्या सुमाराला इमॅजिका थीम पार्कला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेवढी सोसा. पुढचं पालीपर्यंतचं काँक्रीट चांगलं आहे.

कर्जतचा रस्ता मला स्वतःला आवडतो, पण जाताना नको. अंधारात वळणं, आणि उजाडल्यावर नेरळला माथेरानवाले. वयस्कर माणूस गाडीत असताना मी तिकडून जात नाही.

आणि मॅपबद्दल गिअर_पाचवा यांना: कोलाडनंतर मॅप तुम्हाला रवाळजे-विळे-निजामपूरकडे वळवेल. रस्ता वाईट नाही, हिरवाही दिसतो. पण निजामपूरहून तुम्ही परत माणगावातच उतरता, आणि तेही ताम्हिणीवाल्यांच्या रांगेत शेपटाला. मॅपला हे दिसतं, पण तोपर्यंत तुम्ही विळ्यात पोचलेले असता.

रोह्याची_सून

दादांनी सगळं लिहिलंय, मी फक्त पालीचं जोडते. निघण्याआधी कॅलेंडर बघा. संकष्टी असेल तर पालीत शिरूच नका. साध्या शनिवार-रविवारीही अष्टविनायकाच्या बसेस खालापूरजवळच्या महडला वरदविनायक करून नऊ-दहापर्यंत बल्लाळेश्वराला येतात. देवळाकडे वळणाऱ्या बसला जागा देता देता गावातला रस्ता बंद पडतो. हार-पेढेवाल्यांच्या टपऱ्या रस्त्याला लागूनच आहेत. पाली नऊच्या आत ओलांडा.

शिवाय खोपोली सोडल्यावर पालीपर्यंत बायकांना जाता येईल अशी धड स्वच्छतागृहं फार नाहीत. सासूबाई आहेत म्हणून मुद्दाम सांगते. खोपोलीलाच थांबून घ्या.

उशीर झालाच आणि कोलाडला कळलं की माणगाव जाम आहे, तर इंदापूरला उजवीकडे वळा आणि तळा गावावरून आगरदांडा गाठा. तिथून फेरीबोटीत गाडी घालून दिघी, मग बोर्ली पंचतन, दिवेआगर. माणगाव आणि म्हसळा दोन्ही टळतात. वाटेत कुड्याची लेणी आहेत, मुलांना दाखवता येतील. अंतर वाढतं, रस्ता वळणावळणाचा आहे, पण गाडी चालती राहते आणि बोटीत सगळ्यांचे पाय मोकळे होतात. इंदापूरची रांग वळायच्या आधीच लागली असेल तर मात्र वाकणलाच सोडा, भिसे खिंडीतून रोह्याला या आणि तिथून तळ्याकडे.

डोंबिवलीकर_पूर्व

दोघांचेही आभार. सासूबाई म्हणाल्या, "मी तीनला उठतेच, तुमचंच काय ते बघा." तर चारला पेणमार्गे नक्की. मेहुण्याला पेणला नाश्ता हवा होता, त्याला मोर्ब्याच्या पुढे मिळेल असं सांगितलंय.

सोमवारी परतताना तोच रस्ता ठेवू का?

गिअर_पाचवा

परतताना फेरीबोट सोयीची पडेल असं वाटतं. मुरुड-रेवदंडा-अलिबाग करून बाहेर. समुद्रही दिसतो.

माणगावचा_एर्टिगावाला

अलिबागकडून नका येऊ. समुद्र दिसेल हे खरं, पण पुढे पोयनाड ते वडखळ अलिबागची सगळी परतीची गर्दी त्याच रस्त्यावर असते.

परतीचं गणित वेगळं आहे. दिवेआगरला सगळे दहाला खोली सोडतात, एक वाजता मासे जेवतात, दोन-अडीचला निघतात. चारपासून रात्री नऊ-दहापर्यंत माणगाव त्यांचंच. तुमच्या खानावळवालीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की जेवण अकराला हवं. कुरकुर करेल, पण देईल. बाराच्या आत निघालात तर माणगाव दीडपर्यंत सुटतं.

दुपार तिथेच झाली तर रोह्याची_सून यांनी सांगितलेला रस्ता उलटा वापरा: दिघीहून बोट, आगरदांडा, तळा, इंदापूर. म्हणजे माणगावच्या पुढे मुंबईच्या अंगाला निघता. बोटीला सुट्टीच्या दिवशी रांग असते आणि संध्याकाळनंतर फेऱ्या संपतात, त्यामुळे शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. रांगेत गाडी लावून मगच चहा प्या.

वाकणला आल्यावर मात्र पेणला जाऊ नका, वडखळला अलिबागवाले मिळतात ते पळस्प्यापर्यंत सोबत येतात. पाली-खोपोली करा, आणि तुम्ही डोंबिवलीचे म्हणून खोपोलीहून कर्जत-बदलापूर. जाताना मी नको म्हटलं तो रस्ता येताना चालेल. घाटातून उतरणारी पुण्याची गर्दी आणि कळंबोली, दोन्हींपासून सुटका. नेरळ-बदलापूर थोडं हळू चालेल. काळोख पडायच्या आत कर्जत गाठता आलं तर उत्तम.

सीएनजी गाडी असेल तर पनवेल-पेणलाच भरून घ्या, पुढे पंपावर किती वेळ जाईल सांगता येत नाही. आणि दोन गाड्या आहेत म्हणून एकमेकांची वाट बघत माणगावात कडेला लावू नका. तिथे एक गाडी कडेला थांबली की मागे वीस थांबतात, आणि शिव्या तुमच्या डोंबिवलीच्या नंबरप्लेटला पडतात. मोर्बा ओलांडा, मग थांबा. मेहुण्याचा नाश्ताही तिथेच करा.