मदत हवी आहे: पुराच्या बोटीचं जुनं ओबीएम थंड असताना सुरू होत नाही (सांगली)

नमस्कार.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. गावच्या मंडळाकडे एक फायबरची बोट आहे आणि तिच्यासाठी ८ हॉर्सपॉवरचं जुनं ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन). जपानी बनावट, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारं. ठिणगी पाडणारी यंत्रणा (इग्निशन) जुन्या पॉइंट-कंडेन्सरची आहे, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांची; इलेक्ट्रॉनिक (सीडीआय) नाही. वर्षातले बरेच महिने ते कपड्यात गुंडाळून पडून असतं, पण पूर आला की गावात तेवढंच एक इंजिन. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती त्याच पुरात. म्हणून "ओढत राहा, होतंय सुरू" यावर आम्हाला थांबायचं नाही. पाऊस लागायच्या आत मूळ दोष सापडायला हवा.

दुखणं असं आहे. थंड इंजिन पूर्ण चोक देऊनही धरत नाही. दोरी ओढून दोघांचे खांदे भरून आले की मग कुठे फटफट करत उठतं. चोक आत ढकलला की लगेच बंद. अर्ध्या चोकवर अडखळत चालतं, पण थ्रॉटल वाढवला की अंगात आल्यासारखं पळतं, तिथे काहीच तक्रार नाही. गरम असताना बंद करून लगेच ओढलं तर पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू. अर्धा तास थांबलं की परत तेच.

प्लग नवे आहेत, बी-७-एचएस, गॅप ०.६ मिमी. बराच वेळ ओढून प्लग काढले तरी ते कोरडेच निघतात, पेट्रोलचा वासही जेमतेम. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण त्याचा अर्थ नीट लावता येत नाही. कारण ठिणगीतही फरक दिसतो. प्लग ब्लॉकला टेकवून सावलीत पाहिलं तर वरच्या सिलिंडरला निळी ठिणगी, खालच्याला पिवळट, मधेच गायब.

पेट्रोल ताजं आहे, ऑईल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो. पाइपमधला रबरी बल्ब दाबला की कडक होतो, पण थोड्याच वेळात परत मऊ पडतो. इंजिन पिंपात लावून, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल एवढं पाणी भरूनच चालवतो. थंडाव्याच्या पाण्याची धार चांगली पडते.

मिरजेत आरएक्स आणि राजदूत या मोटरसायकलींवर हात बसलेले एक मिस्त्री आहेत. त्यांच्या मते पिस्टनच्या रिंगा गेल्या. त्यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण रिंगा गेल्या असत्या तर पूर्ण थ्रॉटलला एवढा जोर राहिला असता का? ओबीएम रोज हाताळणारे लोक आमच्या भागात नाहीत, म्हणून इथे विचारतोय. आधी पेट्रोलच्या बाजूने जाऊ की करंटच्या? आणि पॉइंट बघायला वरचं फ्लायव्हील (जड चाक) काढायचं तर ते ओढून काढायचं हत्यार, पुलर, नाही. हातोडीचा एक ठोका दिला की सुटतं असं सांगतात, पण माझं मन धजत नाही.

प्रतिसाद १

मालवणहून लिहितोय. आमच्याकडे घरटी मच्छीमार हीच दुखणी काढत असतो. भाऊ, तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय: प्लग कोरडा आणि बल्ब मऊ. पेट्रोल पोचत नाही. थ्रॉटल वाढवल्यावर पळतं म्हणजे कार्बोरेटरचा मेन जेट साफ आहे. चोकशिवाय हळू चालत नाही म्हणजे हळू चालीचा पायलट जेट तुंबलाय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. त्या जेटचं भोक केसाएवढं असतं, पेट्रोल सुकून राहिलं की पहिलं तेच बंद होतं.

एक सोपी परीक्षा करा. इंजिन चालू असताना चोक हळूहळू आत घ्या आणि मरायला लागलं की दुसऱ्याने बल्ब दाबावा. दाबल्यावर सावरलं तर दोष इंजिनावरच्या इंधन पंपात किंवा पाइपात. दाबूनही मेलं तर कार्बोरेटर खोला. बल्ब दाबताना त्यावरचा बाण वरच्या दिशेला धरा, नाहीतर आतले वाल्व नीट बसत नाहीत.

पाइपच्या टोकाला जो कनेक्टर इंजिनात बसतो त्यातला ओ-रिंग बघा. तो चिरला की पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ते हवेतली ओल धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. काचेच्या बाटलीत थोडं काढून तासभर ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. जुनं रबरही या पेट्रोलने फुगतं, म्हणून पाइप आणि इंधन पंपाचा रबरी पडदा दोन्ही तपासा.

प्रतिसाद २

पेट्रोलचं वरती बरोबर सांगितलंय, पण खालच्या सिलिंडरची पिवळी ठिणगी सोडू नका. दोन दोष एकत्र असू शकतात, आणि एक काढल्यावर सुधारणा दिसली की दुसरा तसाच राहून जातो. पुराच्या बोटीला ते परवडणार नाही.

हातोडी अजिबात नको. त्या दणक्याने क्रँकच्या बेअरिंगला मार बसतो, फ्लायव्हीलचे चुंबकही ढिले होऊ शकतात. फ्लायव्हीलवर बोल्ट बसणारी भोकं असतील तर पट्टीचा पुलर कुठलाही लेथवाला करून देईल. त्याआधी फ्लायव्हीलला खिडकी आहे का बघा. बऱ्याच जुन्या मॉडेलांत तिच्यातून पॉइंट दिसतात आणि फट मोजायची पट्टी (फीलर गेज) पण घालता येते.

पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ मिमी, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरा. पडून राहिलेल्या इंजिनात पॉइंटवर पांढरा थर येतो. दोरीच्या वेगात ठिणगी आधीच अशक्त, त्यात हा थर. वेग वाढला की मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) जास्त करंट देतो आणि दोष लपतो. म्हणून "पळताना ठीक" यावर विसंबू नका.

आणखी एक. स्टॉप स्विचची वायर काढून ठिणगी बघा. सुधारली तर स्विच किंवा वायर कुठेतरी इंजिनाच्या धातूला लागून करंट वाया जातोय (अर्थ होतेय). ती वायर काढून इंजिन चालवलंत तर बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल, हे सोबतच्यांना आधी सांगा. ठिणगी बघताना दोन्ही प्लग ब्लॉकला घट्ट टेकलेले हवेत आणि पेट्रोलची टाकी लांब.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने गेलो.

बल्ब दाबल्यावर इंजिन सावरलं, पण पूर्ण नाही. कनेक्टरमधला ओ-रिंग खरंच चिरलेला निघाला. तो आणि पाइप बदलल्यावर बल्ब कडक राहायला लागला. चोक आत घेतल्यावर बंद पडणं मात्र सुरूच होतं, म्हणून कार्बोरेटर खोलला. पायलट जेटमध्ये हिरवट चिकट थर होता. क्लीनर मारून, तांब्याच्या वायरीची एक बारीक तार फिरवून तो मोकळा केला. फ्लायव्हीलला खिडकी आहे! खालच्या सिलिंडरचा पॉइंट जवळजवळ मिटलेला आणि पांढरा पडलेला. घासून, पुसून गॅप लावला, ठिणगी निळी झाली. कॉम्प्रेशनही गेज लावून पाहिलं, दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे. मिरजेच्या मिस्त्रींनी स्वतः शेजारी उभं राहून ते वाचलं आणि रिंगांना हात लावायची गरज नाही म्हणाले.

आता थंड असतानाही चटकन धरतं. राहिली एक गोष्ट: पंपाचा पडदा कडक झालाय, कडेला सुरकुत्या आहेत. मूळ सुटा भाग सांगलीत मिळत नाही. ट्यूबचं रबर कापून बसवलं तर चालेल का?

प्रतिसाद १

नको. ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, तुमचं काम ऐन पुरात अडेल. पंपाचा फोटो आणि इंजिनाच्या कंसावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर इथे टाका. त्यावरून पडदा आणि पॅकिंगचा संच किनाऱ्यावरच्या दुकानात मागता येतो, कुरियरने येईल. दोन संच घ्या. आणि ठेवताना पाइप काढून, पिंपातच इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहणार नाही. दर महिन्याला एकदा ताज्या पेट्रोलवर सुरू करून बघा.