मदत हवी आहे : टेक्सासमध्ये घराच्या अप्रेझलला (करासाठी ठरवलेल्या किमतीला) प्रोटेस्ट म्हणजे हरकत, पॅटिओचे २२२ चौरस फूट घरात मोजलेत

नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये इथलं पहिलं घर घेतलं, ४,७९,००० डॉलरला. एप्रिलमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कचेरीची, नोटीस आली. त्यात १ जानेवारी २०२५ रोजीचा बाजारभाव ५,२६,००० लावलाय. गेल्या वर्षी याच घराची किंमत करासाठी ३,८८,००० धरली होती, कारण आधीचे मालक बरीच वर्षं राहत होते आणि त्यांना होमस्टेडची (स्वतःच्या राहत्या घराच्या सवलतीची) १० टक्क्यांची कॅप होती, म्हणजे करासाठीची किंमत वर्षाला त्याहून जास्त वाढवता येत नाही. घर विकलं की ती कॅप जाते, हे मला नोटीस हातात पडल्यावर कळलं. आमचा होमस्टेड मंजूर झालाय, पण आमची कॅप २०२६ पासून लागणार. म्हणजे यंदा जो आकडा ठरेल त्यावरून पुढची वाढ मोजली जाणार. म्हणून यंदा मला हे सोडून द्यायचं नाही.

नोटीस आल्यावर डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराची नोंद काढली. राहतं क्षेत्रफळ २,६४० चौरस फूट लिहिलंय. आमच्याकडच्या बिल्डरच्या प्लॅनवर २,४१८ आहे. दोन दिवस तो २२२ चा फरक डोक्यातून जाईना. शनिवारी संध्याकाळी मुलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि मागचा पॅटिओ मोजला. १२ फूट बाय साडेअठरा. बरोबर २२२! तीन बाजूंनी उघडा आहे तो, वर फक्त छप्पर. पाऊस आला की खुर्च्या आत ओढाव्या लागतात.

दुसरं म्हणजे फाउंडेशन. माझं माहेर सोलापूरकडचं. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा लहानपणापासून पाहिल्यात, तशीच माती इथे घराखाली आहे. नोव्हेंबरमध्ये जेवायच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग गेली. क्वार्टरचं नाणं उभं धरलं तर निम्मं आत जातं. ११ पिअर (पायाला खालून आधार देणारे खांब) घालायला १४,२०० डॉलर लागतील असा लेखी अंदाज मिळालाय.

१५ मेच्या आत ऑनलाइन प्रोटेस्ट भरला. ‘बाजारभावापेक्षा जास्त’ आणि ‘इतर घरांच्या मानाने असमान’ या दोन्हींवर खूण केली. आता पोर्टलवर डिस्ट्रिक्टकडून ५,१८,००० वर तडजोडीची ऑफर आलीय. ती घेतली की प्रोटेस्ट तिथेच संपतो. सुनावणी ११ जूनला, प्रोटेस्ट ऐकणाऱ्या बोर्डासमोर आहे.

ऑफर घ्यावी का? खरेदीची किंमत दाखवावी की नाही? इथे विक्रीच्या किमती जाहीर करायची सक्ती नाही आणि ऑफिसातले बरेच जण म्हणतात, आपण होऊन सांगू नकोस. नवऱ्याला भीती वाटतेय की बोर्डासमोर गेलो तर आकडा उलट वाढवतील. आपल्या वतीने प्रोटेस्ट लढवणारा एजंट द्यावा का, तो बचतीतले टक्के घेतो. सासूबाईंच्या पुण्याच्या फ्लॅटला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळावी म्हणून पीटी-३ चा अर्ज मी भरला होता, त्यामुळे कागद गोळा करायला मी कंटाळत नाही. पण इथली पद्धत माहीत असलेल्या कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १

ताई, ऑफर घेऊ नका. नवऱ्याला सांगा, बोर्ड नोटिशीतल्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, कायदाच तसा आहे.

गणित करून बघा. ५,२६,००० भागिले २,६४० म्हणजे फुटामागे साधारण १९९ डॉलर. २२२ फूट वजा केले की ४४ हजार कमी, म्हणजे ४,८२,००० च्या आसपास. आणि तुम्ही घर घेतलंय ४,७९,००० ला! दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतायत. विक्रीची किंमत लपवायचा सल्ला नोटिशीपेक्षा जास्त किमतीत घर घेतलेल्यांसाठी असतो. तुमचं क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदीच्या वेळचा हिशोबाचा कागद) हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, १ जानेवारीच्या जेमतेम तीन-चार महिने आधीचा. पॅटिओची थोडी किंमत ते वेगळी धरतील, ती धरू द्या, पण राहत्या खोलीच्या भावाने नाही.

एक खबरदारी घ्या. डिस्ट्रिक्ट बाहेरच्या भिंतींवरून मोजतं. तुम्ही आतून टेप लावून क्षेत्रफळ सांगितलंत तर ते कमीच भरणार आणि तुमचंच माप चुकीचं ठरेल. प्लॅन द्या आणि पॅटिओचे फोटो द्या.

प्रतिसाद २

आजच्या आज त्यांचे पुरावे लेखी मागवा. मागितल्यावर सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यावे लागतात, आणि जे दिलं नाही ते त्यांना सुनावणीत वापरता येत नाही. त्यात त्यांनी तुलनेला घेतलेली घरं आणि तुमच्या घराचं स्केच असतं. स्केच नीट बघा.

भेगेसाठी तारीख महत्त्वाची. किंमत १ जानेवारीची असते, त्यामुळे नोव्हेंबरचे मूळ फोटो तारखेसकट द्या आणि अंदाजपत्रक जोडा. मी असतो तर ४,७९,००० मधून १४,२०० वजा करून ४,६५,००० मागितले असते. एजंटची गरज दिसत नाही, मापातली चूक घरमालकच जास्त चांगली समजावतो.

बोर्डासमोर वेळ मोजका मिळतो. कर परवडत नाही, हप्ता वाढला, यावर एक मिनिटही घालवू नका. कराचे दर शाळा, शहर, काउंटी ठरवतात, बोर्ड फक्त किंमत बघतं. मी पहिल्या वर्षी तेच बोलत बसलो आणि वेळ संपली. निकाल पटला नाही तर ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत बंधनकारक लवादाकडे जाता येतं. अनामत भरावी लागते, तेव्हा ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, तो आता सुट्टी काढून बरोबर येतोय. पुरावे काल आले. स्केचमध्ये मागच्या बाजूला १२ बाय १८.५ चा चौकोन आहे आणि त्यावर मुख्य घराचाच कोड आहे. शेजारच्या दोन घरांचे पॅटिओ मात्र वेगळे दाखवलेत, तीच घरं त्यांनी तुलनेला घेतलीत. तिन्ही स्केचच्या प्रती काढल्यात, बोर्डाच्या तिघांसाठी, डिस्ट्रिक्टच्या माणसासाठी आणि आमच्यासाठी. ऑफर नाकारली. ११ तारखेला संध्याकाळी इथेच लिहिते.